तिळाएवढे बाबा

यिंगश्येन, ता. ९ एप्रिल १९८४

चि. सुयिंग हिला आईचा आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. बाबांनी मोजे घालून पाहिले आणि लगेच काढून ठेवले. नव्या वर्षाला घालीन म्हणाले. नवे वर्ष होऊन दोन महिने झालेत, म्हणजे पुढचे.

गेल्या आठवड्यात त्यांना तातुंगच्या इस्पितळात नेले होते. डॉक्टरांनी नळी घालून पाहिले, मग बाबांना बाहेर बाकावर बसवून मला एकटीला आत बोलावले. अन्ननलिकेत गाठ आहे. खालपर्यंत उतरली आहे, कापून उपयोग नाही. शरद ऋतू दिसला तर पुष्कळ, असे म्हणाले. बाहेर येऊन मी सांगितले की जठराला सूज आहे, पेजेवर राहायचे. आपल्याकडे दुखणेकऱ्याला सांगत नाहीत, तसे मीही नाही सांगितले. बसमध्ये ते म्हणाले, एवढंच होतं तर डॉक्टर माझ्याशी का नाही बोलला? मी म्हटले, पेज मला करायची आहे, तुम्हाला नाही. त्यावर हसले आणि खिडकीतून बघत बसले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते लिहिते. बाबांचा चेहरा दिसेल असा एकही फोटो घरात नाही. काल ते झोपले असताना पेटी उपसली. तीन निघाले. एक लाकडी मनोऱ्याच्या दुरुस्ती-पथकाचा, त्यात बाबांसकट सत्तर सुतार. एक पुलावरचा, त्यात पूलच आहे. आणि एक तुझ्याकडे पेइचिंगला आले होते तेव्हाचा, स्वर्गमंदिरासमोर, तू काढलेला. त्यात मंदिराची तिन्ही निळी छपरे स्वच्छ आहेत आणि खाली एक माणूस आहे. मला ठाऊक आहे म्हणून ते बाबा.

शेजारच्या काओकाकूंचे काय झाले तुला आठवते ना? काका गेले तेव्हा कारखान्याच्या ओळखपत्रावरचा एवढासा फोटो मोठा करून घरच्या पितरांच्या वेदीवर लावला. फोटोत काका बावीस वर्षांचे आणि रागावलेले. आज काकू सत्तरीच्या आहेत, रोज धूप लावतात, आणि नवा येणारा विचारतो, हा तुमचा धाकटा नातू का? काकू म्हणतात, आता मलाही त्यांचं म्हातारपणीचं तोंड आठवत नाही, हेच पोरगं डोळ्यांसमोर येतं.

मला तसे नको आहे. पण फोटोवाल्याकडेही नेता येत नाही. आपल्या गल्लीत म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून समोरून तोंडाचा फोटो काढला की कशासाठी ते शेंबड्या पोरालाही कळते. म्हणून ठरवले आहे की सहल म्हणून त्यांना लाकडी मनोऱ्यापाशी न्यावे. कुठून कुठून लोक तिथे फोटो काढून घ्यायला येतात, आपण काढला तर त्यांना शंका येणार नाही. तू एखादा जुना कॅमेरा पाठव आणि काय करायचे ते सोपे करून लिही.

तू मात्र येऊ नकोस. नव्या वर्षाखेरीज तू कधी येत नाहीस. अवेळी दारात दिसलीस की त्यांना सगळे कळेल. पोटच्या पोरीला ये म्हणायचे सोडून येऊ नको म्हणते आहे, मनाला लावून घेऊ नकोस. बुद्धदेवांसमोर रोज दोन माळा जास्त ओढते. दुसरे काय करू शकते?

थंडीचा कोट एवढ्यात काढून ठेवू नकोस. आईवर माया असू दे.

तुझी आई,
हुइचेन

•

पेइचिंग, ता. १७ एप्रिल १९८४

ती. आईस सुयिंगचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र कामावर मिळालं. स्वर्गमंदिरातल्या आमच्या फोटोच्या ठेल्यापुढे रांग होती म्हणून खिशात ठेवून साठ माणसांचे फोटो काढले आणि मग वाचलं. बरं झालं आधी नाही वाचलं.

आई, स्वर्गमंदिरासमोरचा तो फोटो मीच बिघडवला. ठेल्याचा नियम आहे, देऊळ अख्खं आलंच पाहिजे. त्यासाठी फरसबंदीवर पांढऱ्या रंगाचा एक गोल काढलाय. येईल ते गिऱ्हाईक त्या गोलावर उभं करायचं, पाकिटावर त्याचा पत्ता लिहून घ्यायचा, आणि पंधरा दिवसांनी फोटो टपालानं त्याच्या घरी. त्या वर्षी मी नवखी होते. बाबा आले तेव्हा त्यांनाही मी गोलावर उभं केलं आणि तीस पावलांवरून ओरडले, हलू नका. ते जराही हलले नाहीत. माझ्याजवळ कॅमेरा होता, बाबा होते, सबंध दुपार होती. दोन पावलं पुढे जाऊन एक चेहरा काढावा हे मला सुचलं नाही. त्यानंतर हजारो अनोळखी लोकांचे चेहरे काढले.

सोबत दोन डोळ्यांचा कॅमेरा पाठवतेय. आमच्याकडे रिटचिंग करणाऱ्या पेईमास्तरांचा आहे, त्यांनी आपणहून दिला. दोन रोल आहेत, एकेका रोलमध्ये बाराच फोटो निघतात. कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. काचेत सगळं उलट दिसतं हे लक्षात ठेव, बाबा डावीकडे सरकले तर ते काचेत उजवीकडे जातील. घाबरू नको. आकडे मी लावलेत आणि वर चिकटपट्टी मारलीय, तिला हात लावू नको. फक्त बाजूचं चाक फिरवून चेहरा स्वच्छ दिसेपर्यंत जुळवायचं.

भर दुपारी जाऊ नको, डोळ्यांच्या खोबणीत काळं पडतं. सूर्याकडे तोंड करून उभं करू नको, माणूस डोळे बारीक करतो आणि फोटोत रागीट दिसतो. सकाळी आठच्या आत जा. आणि तीन म्हणेपर्यंत थांबा असं सांगून दोनलाच दाब. तीन म्हटलं की माणूस चेहऱ्याचा पुतळा करतो.

मी येऊ नको म्हणतेस. बरं. पण प्रत्येक पत्रात ते किती जेवले ते लिहीत जा, आणि खोटं लिहू नको. तू खोटं लिहितेस तेव्हा तुझं अक्षर फार चांगलं येतं.

तुझ्या मायेत ठेव.

तुझी,
सुयिंग

•

यिंगश्येन, ता. २९ एप्रिल १९८४

चि. सुयिंग हिला आशीर्वाद. वि. वि.

कॅमेरा सुखरूप पोचला. पेईमास्तरांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या नावाने एक माळ ओढली.

यंत्र मला आवडले. त्यात बघायचे तर मान खाली घालावी लागते, देवापुढे घालतो तशी. तुझे बाबा म्हणाले, मला नमस्कार कशाला घालतेस, चाळीस वर्षांत कधी घातला नाहीस. मी म्हटले, कॅमेऱ्याला घालते आहे, तुम्ही मध्ये आलात.

बाराही फोटो काढून झाले. वहीत प्रत्येकाची नोंद ठेवली आहे, ते पान फाडून रोलसोबत पाठवते. थोडक्यात सांगायचे तर एकाही वेळी ते माझ्या म्हणण्याप्रमाणे उभे राहिले नाहीत. मी सहा पावलांवर उभे करायची, चाक फिरवायची, तोवर काचेत ते लहान होत जायचे. मान वर करून बघते तो हे मागे मागे चाललेले. अहो, थांबा, म्हटले की म्हणायचे, मनोरा येऊ दे. मी म्हणे, मनोरा इथेच आहे, नऊशे वर्षे झाली, कुठे जात नाही. तर म्हणे, वरपर्यंत येऊ दे, तिसरा मजला तरी पाहिजेच. मला वाटते त्यांना मजल्यावरची पाटी हवी असते. एकदा कमरेपर्यंतच काढते म्हटले तर चिडले. अर्धा माणूस काढू नये, अर्धा जीव अधांतरी राहतो, म्हणाले. हे त्यांच्या आईचे बोलणे, तुला आठवत असेल. सगळे सुतार हसायला लागले. दुरुस्तीचे जुने लोक अजून तिथे बसतात ना, तेही सल्ले देत होते. एकजण म्हणाला, वहिनी, देमाओला खिळा मारा. दुसरा म्हणाला, या मनोऱ्यात एक खिळा नाही, आता देमाओसाठी मारू का?

बाबाही हसले. ते हसले तेव्हा मी दाबले, सातवा फोटो, पण तेव्हा ते फार लांब होते.

जेवणाचे खरे लिहिते. राळ्याच्या पेजेवरचे नुसते पाणी जाते. मंगळवारी एक वाटी गेले. बुधवारी अर्धी, तीही परत आली. शिर्क्याचा वास घेऊन समाधान मानतात. पाकोळ्या आल्या आहेत, मनोऱ्याभोवती सकाळपासून ओरडतात. तुला लहानपणी त्यांचा राग यायचा.

रोल चहाच्या डब्यात घालून पाठवते. लवकर कळव.

प्रकृतीला जप. तुझ्या आईला विसरू नकोस.

हुइचेन

•

पेइचिंग, ता. १० मे १९८४

ती. आईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

रोल मी स्वतः धुतला, कुणाला हात लावू दिला नाही. आई, तू कॅमेरा फार स्थिर धरलास. एकही हललेला नाही. मनोरा पायापासून कळसापर्यंत, पाकोळ्यांसकट आलाय. आमच्या मुख्य बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, तुझ्या आईला कामावर घेऊ या.

पण बाबा तिळाएवढे आले आहेत. बाराच्या बारा. पेईमास्तरांनी सातव्यातला चेहरा जेवढा मोठा होईल तेवढा करून पाहिला. नुसते दाणे दिसतात, राळं सांडल्यासारखे. मास्तर म्हणाले, यात नाक कुठे ठेवू ते तू सांग.

आता मी सांगते ते मनावर घे. मनोरा अख्खा नको. आमच्याकडे परदेशी पाहुणे येतात, त्यांचे फोटो मी आता बघते. देवळाचा एक दगडी कठडा घेतात, त्यावर हात ठेवलेली बाई, बस. ज्याला मनोरा माहीत आहे त्याला एक खांब पुरतो. दक्षिण दरवाज्याच्या पायरीवर बाबांना बसव. बसलेला माणूस मागे चालत जात नाही. वर छप्पर असल्यामुळे ऊन तोंडावर येणार नाही, आणि समोरच्या अंगणातून उजेड परतून चेहऱ्यावर पडेल. मऊ उजेड असतो तो, म्हाताऱ्या कातडीला फार चांगला. मागे दाराच्या आतला अंधार असू दे, एक खांब असू दे. तू दीड हातावर जा. अर्ध्या माणसाचा काढला तर पाय दुमडून बसले होते म्हणून सांगता येईल. त्यांच्या हातात काहीतरी दे, चुळबुळणारे हात शांत झाले की चेहराही शांत होतो. सावलीत उजेड कमी असतो म्हणून चिकटपट्टी काढ आणि खालचा आकडा आठवरून चारवर आण. एवढं एकच बदल.

आई, मला येऊ दे. तीन दिवसांची रजा मागते. बाबांना सांगेन की इथे कॅमेरे दुरुस्तीला गेलेत. मी किती वाईट खोटं बोलते हे बाबांना ठाऊक आहे, तरी येऊ दे.

तुझ्या पत्राची वाट पाहते.

सुयिंग

•

यिंगश्येन, ता. २४ मे १९८४

चि. सुयिंग हिला आशीर्वाद. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रे मी पोथीच्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहेत. बाबा पोथीला हात लावत नाहीत, तेव्हा काळजी नको. येण्याचे म्हणशील तर अजून नको. परवा त्यांनीच विचारले, सुयिंगचं काही पत्र? मी म्हटले, कामात आहे. ते म्हणाले, असू दे, कामात आहे तोवर सगळं ठीक. असे म्हणणाऱ्या माणसापुढे तुला कशी उभी करू?

आता त्यांना चालवत नाही. काओकाकूंचा कोळशाचा हातगाडा धुऊन घेतला, त्यात गादी घातली आणि मी ओढत नेले. गल्लीतले लोक दारात आले. बाबा म्हणाले, मला विकायला चाललीय, कुणाला पाहिजे का बघा. त्यावर काओकाकू म्हणाल्या, वजनावर दिलंस तर परवडेल. त्या आत जाऊन रडल्या, मला मागाहून कळले.

तू सांगितल्याप्रमाणे पायरीवर बसवले. हातात त्यांचाच जुना रंधा दिला. एवढे झाल्यावर वाटले होते आता झालेच. पण मी जवळ गेले की ते माझ्याकडे न बघता मान वळवून वर बघतात, छपराच्या खालून तिसरा मजला दिसतो का म्हणून. म्हटले, इकडे बघा ना. तर म्हणतात, तू काढ, माझं काय आहे बघण्यासारखं. काचेत उलटे दिसते ते तर मला अजून जमतच नाही. त्यांचा चेहरा डावीकडे गेला म्हणून मी डावीकडे सरकले, तो पार निघूनच गेला. चाक फिरवून फिरवून दमले. शेवटी कसेबसे तीन जवळून काढले. स्वच्छ वाटले, पण माझेही डोळे आता काय म्हणावे असे आहेत. मग ते दमले, गाड्यात निजले, आणि मला म्हणाले, आता लांबून मनोरा आणि गाडा मिळून काढ. त्यांचे मन मोडवेना. आठ तसे काढले.

एकूण अकरा झाले. एक शिल्लक आहे. एवढ्या लांबून आणलेला रोल, एक कोरा ठेवून कसा पाठवू? बरा दिवस उजाडला की शेवटचा काढते आणि पाठवते.

जेवणाचे आता लिहीत नाही.

दोनदा स्वप्नात तू लहान आली होतीस. सांभाळून राहा.

तुझी आई,
हुइचेन

•

पेइचिंग, ता. २ जून १९८४

ती. आईस नमस्कार.

आई, रोल आत्ताच्या आत्ता पाठव. शेवटचा राहू दे कोरा. त्या तिन्हींत चेहरा आलाय की नाही हे मला बघायचंय. आला नसेल तर दुसरा रोल पाठवता येईल, काय चुकलं ते लिहिता येईल. तुझं पत्र यायला पाच दिवस, माझं जायला पाच दिवस. मधले दिवस मी हाताची घडी घालून बसते. इथे काल एका बाईनं मला विचारलं, माझे वडील डोळे मिटतात, काय करू? मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिचे वडील हसरे आले. ती म्हणाली, तुमच्या हाताला यश आहे.

एका फोटोसाठी थांबू नको गं. हात जोडते. आणि मला येऊ दे. त्यांना कळायचं ते कळो.

सुयिंग

•

यिंगश्येन, ता. ११ जून १९८४

चि. सुयिंग हिला आशीर्वाद.

घाईने लिहिते आहे. काल शेवटचा फोटो झाला. बारा पूर्ण. टपालात टाकायला गेले तर रविवार. आज-उद्या टाकते.

तू म्हणतेस ते बरोबर होते, मीच चुकले. ये. रजेचे काहीही सांग आणि ये. कालपासून पाणीही उतरत नाही. त्यांना काय सांगायचे याची आता चिंता करू नकोस, त्याचे तू आल्यावर मी सांगते.

मोजे घातले आहेत. पाय गार पडतात म्हणून नव्या वर्षाचे आताच घातले.

आई

•

पेइचिंग, ता. ८ जुलै १९८४

ती. आईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी सुखरूप पोचले. तुझं अकरा जूनचं पत्र खोलीच्या दाराखाली पडलं होतं. तुझी तार मिळून मी निघाले त्याच दिवशी ते आलं असणार. वाटेत माझी गाडी आणि तुझं पत्र एकमेकांना ओलांडून गेली. तेरा तास मी डब्यात बसून मोजत होते की पोचेन, आणि तू तेव्हा त्यांना अखेरचे कपडे घालत होतीस. आता यावर लिहून काय होणार? तू तिथे रडली नाहीस, मीही इथे रडत नाही.

येताना आणलेला रोल काल रात्रपाळीच्या आधी धुतला. तू विचारलं नाहीस तरी सांगायला हवं.

जवळचे तिन्ही फोटो गेले. मागच्या खांबाच्या लाकडाची रेघ न रेघ आलीय आणि बाबांचा चेहरा वाफेतून बघावा तसा. मान आहे, रंधा आहे, डोळे कुठे आहेत ते कळत नाही. हा दोष तुझा नाही. आकडा चारवर आण म्हणून मी लिहिलं. चारवर उजेड जास्त येतो, पण मग वीतभर पुढेमागे झालं की सगळं पुसट होतं. ते लिहायचं राहिलं. रोज नव्या मुलींना शिकवते ती गोष्ट, तुला लिहायची राहिली. रोल मे महिन्यात आला असता तर मला लगेच कळलं असतं. पण तेही तुला कसं म्हणू? एक फोटो वाया घालवायचा नाही हे तुझ्याकडूनच तर मी शिकले.

बाबा गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी तीन ऑगस्टला आहे. तोपर्यंत वेदीवर काहीतरी लागायला हवं, नुसती नावाची चिठ्ठी किती दिवस ठेवणार? पेईमास्तर म्हणाले, मी चेहरा रंगवून देतो, तू सांगत जा. बसलो. भुवया कशा? जाड. डोळे? मी सांगितले. गालावर तीळ कोणत्या बाजूला? मी डाव्या म्हणाले. मग म्हणाले उजव्या. मग मला कळेना. मास्तरांनी ब्रश ठेवून दिला आणि चहा केला.

पण एक गोष्ट विचारायची आहे. बारावा फोटो कुणी काढला? त्यात तू आहेस. दक्षिण दरवाज्याच्या पायरीवर बसलीयेस, मागे एक खांब, आत अंधार, समोरून मऊ उजेड. ओठ मुडपून हसतेयस आणि हसू फुटलंय. पापण्यांचे केस मोजता येतात. आई, मी सहा वर्षं हे काम करतेय, असा एकही फोटो माझ्या हातून निघालेला नाही. मास्तरांनी तो दिव्याखाली धरला आणि विचारलं, हा कोण कारागीर? सोबत पाठवतेय, पहिल्या रोलचेही.

आणि आणखी एक. मनोरा अख्खा असलेला एक फोटो मी मोठा करत होते, बाबांच्या चेहऱ्यासाठी. कागद सरकला आणि तिसऱ्या मजल्याचा कोपरा आला. तिथे तुळईखालचा एक टेकू बाकीच्यांपेक्षा उजळ आहे, नव्या लाकडाचा. चोविसांपैकी ज्या ज्या फोटोत बाबा लांबून आले आहेत, तिथे तो आहे. हे काय आहे?

काओकाकूंना नमस्कार. रात्री एकटी झोपू नको, त्यांना बोलाव.

तुझी,
सुयिंग

•

यिंगश्येन, ता. १९ जुलै १९८४

चि. सुयिंग हिला आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोटो पोचले. माझा फोटो पाहून काओकाकू म्हणाल्या, ही कोण तरुण बाई? मी म्हटले, तुमचा नातू आहे ना वेदीवर, त्याला सांगून आली आहे. दोघी हसलो, आणि मग बराच वेळ भाज्या निवडत बसलो.

बारावा फोटो तुझ्या बाबांनी काढला.

तू आलीस तेव्हा सांगायचे होते, पण तेव्हा घर माणसांनी भरलेले होते आणि तुझ्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही. आता लिहिते. दहा तारखेला सकाळी त्यांनीच सांगितले, गाडा काढ. मी म्हटले, आज नको. ते म्हणाले, एक शिल्लक आहे ना तुझ्या वहीत? नेले. मला वाटले, चला, आज तरी समोर बघतील. पायरीपाशी आल्यावर म्हणाले, तू बस. मी कशाला, म्हटले. तर म्हणाले, बस, गाल आहेत तोवर तुझा काढून ठेवतो. पुन्हा पोरीची धावपळ नको.

सुयिंग, त्यांना सगळे ठाऊक होते. पोथीच्या फडक्यातली तुझी पत्रे त्यांनी वाचली होती, एकेक, मी पाण्याला गेले की. पोथीला हात न लावणारा माणूस, त्याने पोथी उचलून बाजूला ठेवली, पत्रे वाचली आणि होती तशी गाठ मारून ठेवली. सुताराची गाठ, मला कशी कळणार? म्हणाले, मुलगी चांगलं शिकवते, पण तू ऐकत नाहीस. पायरीवर बस, दारात नको, इकडे तोंड कर, हात मोकळे ठेवू नको. माझ्या हातात माझीच माळ दिली. मग काचेत बघितले आणि डावीकडे जायचे ते उजवीकडे गेले. म्हणाले, हे यंत्र करणाऱ्यानं आयुष्यात काटकोनाचा गुण्या धरलेला नाही. मग चाक फिरवायचा नादच सोडला. खिशातून घडीची मोजपट्टी काढली, गाड्यातून वाकून एक टोक माझ्या नाकाला लावले, दुसरे कॅमेऱ्याला, आणि चाकावर जो आकडा आहे तो बरोबर तेवढ्यावर आणून ठेवला. आपण दोघी दोन महिने डोळ्यांनी जुळवत बसलो, आणि चाकावर आकडे आहेत हे आपल्याला दिसले नाही. नाकाला ते लोखंड गार लागले म्हणून मला हसू आले. मी ओठ मुडपले. त्यांनी तीन मोजले नाहीत, दोनही नाहीत.

मी तेव्हाच त्यांना विचारले, मग तुम्ही का नाही बसलात असे? सगळे ठाऊक होते तर पोरीला एक चेहरा का दिला नाहीत? ते म्हणाले, हा चेहरा माझा नाही, तातुंगहून आल्यावर लागलेला आहे. हा बघायला तिला का द्यायचा? तिच्यापाशी माझं तोंड आहे ते राहू दे. आणि म्हणाले, तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यापासून चौथा टेकू माझ्या हातचा आहे. त्याचं लाकूड अजून उजळ आहे, दहा-वीस वर्षांत बाकीच्यांसारखं काळं होईल, मग मलाही ओळखता येणार नाही. तो आणि मी एका फोटोत यायचं तर एवढं मागे जावंच लागतं. मी काय करू?

ही गोष्ट ते एप्रिलमध्ये सांगू शकले असते. मी पाटी पाटी म्हणत राहिले. मी त्यांना पेजेचे खोटे सांगत होते, तू मला येऊ का म्हणून विचारत होतीस, मी तुला येऊ नको लिहीत होते, आणि ते सगळ्यांचे वाचून, सगळ्यांना सांभाळून, गाठ मारून ठेवत होते. कुणाला काही करता आले नाही. तुला येऊ दिले असते तर ते आणखी पाच दिवस जगले नसते, हे मला कळते. पण तू असतीस. ही चूक माझी. तिच्यावर माळ ओढून काही होत नाही, मी ओढून पाहिली.

पेईमास्तरांना सांग, रंगवू नका. तीळ उजव्या गालावर. नाही, थांब, ते काचेत बघून लिहिले. डाव्या गालावर होता. बघ, माझेही असे झाले आहे. म्हणून रंगवू नका.

वेदीवर मी सातवा लावला आहे, अख्ख्या मनोऱ्याचा, ते हसले होते तो. काओकाकूंना पसंत नाही. म्हणतात, लोक मनोऱ्याला नमस्कार करून जातील. येणारे विचारतातही, देमाओ कुठे आहेत यात? मी बोट ठेवून दाखवते, तेही बोट ठेवून बघतात, मग वर तिसऱ्या मजल्यावर चौथा टेकू दाखवते. तूच लिहिले होतेस ना, ज्याला मनोरा माहीत आहे त्याला एक खांब पुरतो. ज्याला ते माहीत होते त्याला तीळ पुरतो.

फक्त बोटे लागून लागून काचेवर तेवढीच जागा मळते आणि ते दिसेनासे होतात. रोज सकाळी धूप लावायच्या आधी बाहीने तेवढे पुसते. पुसले की असतात.

तीन तारखेला येशील ती नव्या वर्षासारखी ये, अवेळी वाटू देऊ नकोस. तुझ्यासाठी राळे दळून ठेवते. माझा फोटो पेटीत तळाशी ठेवला आहे, पोथीच्या फडक्यात. गाठ मी मारली आहे, तुला सुटेल.

तुझी आई,
हुइचेन